लोणावळ्यातून पायी दोघं, आणि कुरवंड्यात आलेला फोटो

खरं तर आम्हाला समुद्र हवा होता. तारकर्लीची खोली बघून ठेवली होती, सॅक भरल्या होत्या, मी तर उन्हाची टोपीसुद्धा घेतली होती. पण माझ्या नवऱ्याच्या, संदीपच्या, तळेगावजवळच्या आंबीतल्या कंपनीत नेमकं ऑडिट लागलं आणि आठवड्याची रजा चार दिवसांवर आली. त्यातले दोन दिवस गाडीत घालवायचे आणि समुद्राला पाय लावून परत फिरायचं, यात काय मजा? मी रुसून बसले. संदीप म्हणाला, "सॅक भरलेल्याच आहेत ना? मग लोणावळ्याला जाऊ. आपली गाडी न्यायची नाही, पाठीवर ओझं घेऊन चालायचं."

तळेगावच्या माणसाने लोणावळ्याला मुक्कामाला जाणं म्हणजे शेजाऱ्याच्या गच्चीवर हवापालटाला जाणं. सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "तिथं कशाला राहायचं? संध्याकाळी येऊन घरी झोपा की." त्यांचं चुकत नव्हतं. पाहुणे आले की आम्ही त्यांना लोणावळ्याला नेतो, कड्यावर उभं करून फोटो काढतो, चिक्की घेतो आणि जेवायला घरी. इतक्या वर्षांत एकदाही तिथली सकाळ पाहिली नव्हती.

जाण्याचं आणखी एक कारण होतं आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली. मूल नाही. दवाखाने झाले, मग थांबलो, मग दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवलं. त्यालाही तीन वर्षं होऊन गेली होती. आपला क्रमांक कितवा आहे ते संकेतस्थळावर दिसतं, आणि मी रोज सकाळी दूध तापायच्या आधी तो बघायचे. शाळेच्या ऑफिसात काम करते मी, आकडे बघणं हाच धंदा, पण त्या एका आकड्याने मला पार पोखरून टाकलं होतं. संदीपची अट साधी होती: "चार दिवस ते बघायचं नाही."

डिसेंबरातल्या एका मंगळवारी आम्ही तळेगावहून लोणावळा लोकल पकडली. जाणार असाल तर आठवड्याच्या मधलेच दिवस निवडा. शनिवार-रविवारी लोणावळ्यात चालायला रस्ता शिल्लक राहत नाही. लोकल मोकळी होती. वडगाव गेलं, कामशेत गेलं, मळवलीला लोहगड-विसापूर खिडकीत आले आणि संदीपने दोन्ही सॅक मांडीवर ओढून घेतल्या, कोणी पळवून नेणार असल्यासारख्या. त्याला प्रवासात काहीतरी धरून बसायला लागतं.

स्टेशनाबाहेर मिसळ खाल्ली. तिखट होती, पण पाव ताजे. मग तुंगार्लीचा रस्ता धरला. हा रस्ता चालत जाण्यासारखा आहे. दोन्ही बाजूंना बंगले, प्रत्येकाला नाव, प्रत्येकाला उंच फाटक, आणि बहुतेकांत माणूस एकच, तो म्हणजे वॉचमन. एका फाटकावरच्या काकांनी आम्हाला अडवलंच.

"कुठल्या बंगल्यात जायचंय?"

"कुठल्याच नाही. तळ्यावर चाललोय."

"चालत?" त्यांनी आमच्या मागे गाडी दिसते का ते पाहिलं. "गाडी बंद पडली का?"

हा प्रश्न पुढचे चार दिवस आम्हाला इतक्यांदा विचारला गेला की शेवटी संदीप "हो, बंद पडली" असंच म्हणायला लागला. लोकांना बरं वाटायचं.

तुंगार्लीचं तळं छोटंसं आहे. वर चढून गेलात की खाली लोणावळा पसरलेलं दिसतं: पत्रे, गच्च्या, पाण्याच्या टाक्या, आणि द्रुतगती मार्गावरच्या गाड्यांचा अखंड घरघराट. बांधाच्या भिंतीवर बसून आम्ही घरून आणलेले धपाटे खाल्ले. वारा असा की लोणच्याची पिशवी एकाने धरायची आणि दुसऱ्याने खायचं. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं एखाद्या ठिकाणी काही न ठरवता बसलो होतो.

राहायला एका बंगल्याच्या मागची खोली मिळाली. स्वच्छ, गरम पाणी, आठशे रुपये. चालवणाऱ्या बाई वहीत नाव लिहिताना म्हणाल्या, "मोठे दोन. आणि लहान?"

"लहान नाही," मी म्हणाले.

"घरी ठेवलीत वाटतं. बरं केलंत, थंडी आहे."

मी "हो" म्हणाले. संदीपने माझ्याकडे पाहिलं. मग माझी सॅक उचलून आत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुरवंड्याला निघालो. बाजारातून बाहेर पडून नौदलाच्या लांबलचक कुंपणाच्या बाजूने रस्ता जातो. दीड-दोन तास लागतात, रिक्षाही मिळते. पण चाललात तर शहर कसं हळूहळू गाव होत जातं ते पायांना कळतं: आधी रिसॉर्टच्या पाट्या कमी होतात, मग कोंबड्या दिसायला लागतात, मग कापलेल्या भातखाचरांमधल्या पेंढ्याच्या गंज्या. कुरवंडे हे शेवटचं गाव. त्यापुढे नागफणीचा कडा आणि खाली एकदम कोकण.

राहायची सोय संदीपच्या कंपनीतल्या एका मित्राने करून दिली होती, त्याच्या मावशींकडे. सीतामावशी आणि आबा, दोघंच घरात. मावशी दारातच उभ्या होत्या.

"चालत आलाव?"

"व्हय," संदीप म्हणाला. आंबीचा माणूस, गावात पाऊल टाकलं की त्याची भाषा आपोआप वळण घेते.

"अगं बया. गाडी बिगाडली का काय?"

सॅक ओटीवर टाकून, गुळाचा चहा पिऊन आम्ही नागफणी चढून आलो. तासाभराची वाट आहे. शेवटचा टप्पा उभा, पण लोखंडी कठडे आहेत. पाणी मात्र खालूनच न्या. वर महादेवाचं छोटं देऊळ आणि तिन्ही बाजूंना नुसती हवा. खाली घाटातून एक मालगाडी चढत होती, इतकी सावकाश की आम्ही तिचा शेवटचा डबा बोगद्यात जाईपर्यंत वाट पाहिली. संदीप कठड्यापासून चार हात लांबच बसला होता. "इथून पण तेवढंच दिसतं," तो म्हणाला. मी त्याला ओढलं नाही.

खाली आलो तेव्हा ऊन कललं होतं. मावशी अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सोलायला लागले. तेवढ्यात फोनवर मेसेज वाजला. बँकेचा असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग बघितलं. बँकेचा नव्हता.

'आपल्यासाठी बालकाची माहिती उपलब्ध आहे. कृपया दोन दिवसांत निर्णय कळवावा.'

हातातल्या शेंगा कुठे गेल्या ते मला आठवत नाही. "संदीप," एवढंच म्हणाले. तो हौदावर पाय धूत होता, तसाच ओल्या पायांनी आला.

कुरवंड्यात नेटवर्क आहे, पण ते बैलगाडीने येतं. फोटो वरून खाली, पट्ट्या-पट्ट्यांनी उघडत गेला. आधी भिंतीचा पिवळा रंग. मग केस, दोन्ही बाजूंना घट्ट बांधलेले. मग कपाळ. मग डोळे. तिथे तो फोटो अडकला, आणि आम्ही दोघं किती वेळ कोण जाणे, नुसत्या त्या डोळ्यांकडे बघत उभे होतो.

अडीच वर्षांची मुलगी. तिचं नाव इथे लिहिणार नाही आणि फोटोही टाकणार नाही. आपण तिला गौरी म्हणू. अखेर पूर्ण उघडलेल्या फोटोखाली तब्येतीची माहिती होती. दिवस भरायच्या आधी जन्म. वजन कमी. आणि एक ओळ: बोलणं उशिरा, हाकेला प्रतिसाद अनियमित, दोन्ही कानांची फेरतपासणी आवश्यक.

मी वाचून संदीपकडे पाहिलं. त्याचा चेहरा बंद झाला होता. दार लावून घ्यावं तसा.

"काय?" मी विचारलं.

"काही नाही. बघू," तो म्हणाला आणि गुरांच्या गोठ्याकडे निघून गेला.

इथे संदीपच्या बहिणीबद्दल सांगायला हवं. संगीता त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. तान्ही असताना ताप आला आणि तिचे कान गेले. आंबीत राहते, शिवणकाम करते, नवरा तिथेच एका कारखान्यात आहे. माझी आणि तिची छान गट्टी आहे. पण तिच्या लहानपणाबद्दल संदीप कधीच काही बोलला नव्हता, आणि मीही विचारलं नव्हतं. मला वाटायचं, तिला ऐकू येत नाही, एवढीच तर गोष्ट आहे.

संध्याकाळी जेवताना मावशींना सांगावंच लागलं, कारण आम्ही दोघंही भाकरीकडे नुसते बघत होतो. मावशींनी सगळं ऐकलं. मग मोकळेपणाने म्हणाल्या, "रागावू नगस बाई, पर दुसऱ्याचं रगत. कसं निघंल, काय सांगावं?"

मी घास तसाच ठेवला. आबा इतका वेळ गप्प जेवत होते. ते म्हणाले, "आपलं रगत कसं निघालं? दोन दिवाळ्या झाल्या, पोरगा हिकडं फिरकला न्हाई."

"त्याला काम असतंय!"

"व्हय, व्हय. लय काम असतंय." आबांनी आमटी ओरपली. "पोरी, जेव तू. पावटा गार झाला की चव जाती."

मावशींनी माझ्या भाकरीवर न विचारता तूप वाढलं. मला राग आला होता. तो तुपाने गेला नाही, पण थोडा पातळ झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तळेगावच्या आमच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना फोन केला, अहवाल पाठवला. डॉक्टर सरळ बोलल्या. "कानात पाणी साठल्यामुळेही असं होऊ शकतं. खरंच ऐकू कमी येत असेल असंही असू शकतं. कागदावरून मी काहीच सांगणार नाही. पण हे वय हातात आहे. यंत्र, बोलण्याचे वर्ग, आता बरंच काही करता येतं. करायला माणसं लागतात, एवढंच."

मावशींचा निरोप घेऊन आम्ही मुख्य रस्त्याला आलो. तिथून घुसळखांबाच्या फाट्यापर्यंत जीप मिळाली आणि पुढे तुंग किल्ला समोर ठेवून पवनेच्या पाण्याकडे चालायला लागलो. या रस्त्यावर सावली कमी आहे, टोपी हवीच. गवत सोनेरी झालेलं, वळणावर मध्येच निळं पाणी दिसायचं आणि पुन्हा डोंगराआड जायचं. इतके सुंदर रस्ते मी आयुष्यात थोडेच पाहिले असतील, आणि या रस्त्यावरून आम्ही दोघं एकमेकांपासून पन्नास पावलं अंतर ठेवून चाललो होतो.

एका आंब्याखाली संदीप थांबला होता. मी जवळ गेल्यावर म्हणाला, "तुला वाटतं मी घाबरलो."

"घाबरला नाहीस?"

"घाबरलोच आहे. पण तुला वाटतं त्याला नाही." तो खाली बसला. "संगी लहान असताना आई तिला घेऊन किती दारं फिरली, तुला माहीत नाही. शाळेत घेईनात. जत्रेत हरवली तर हाक मारून उपयोग नाही, म्हणून आई तिचा हात माझ्या हाताला रुमालाने बांधायची. पोरं नावं ठेवायची. घरी येऊन ती मला विचारायची, काय म्हणाली ती पोरं? हातवारे करून विचारायची. मी काय सांगू? मी काहीतरी खोटंच सांगायचो. चांगलं काहीतरी. आठवीपर्यंत मी तिचा कान होतो, मीनल. मला माहितेय ते काय असतं. परत एकदा ते... मला जमेल का?"

बारा वर्षांत पहिल्यांदा तो हे बोलत होता. मी त्याच्या शेजारी बसले. "नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणू," मी म्हणाले. मी ते मनापासून म्हणाले. एकट्याच्या हट्टावर मूल घरात आणता येत नाही.

"मी नाही कुठे म्हणतोय," तो म्हणाला. "मी विचारतोय."

पवनेच्या काठाची थोडी माहिती देते, कारण बरेच जण तिथेच जाणार. तंबूंच्या रांगा आहेत, रंगीत दिवे, मोठमोठे स्पीकर. शांत जागा हवी असेल तर फोनवरच विचारा, गाणी किती वाजेपर्यंत असतात. आम्हाला मिळालेली जागा छोट्या वाडीच्या खाली होती. चालवणारे दादा तिशीतले, तिथलेच शेतकरी. "कपल ना? मग कपल टेंट, पाण्याला लागून," असं म्हणून त्यांनी आम्हाला थेट काठावर नेलं. जेवण, नाश्ता त्यातच. तंबूत ब्लँकेटं देतात, पण एक शाल जवळ असू द्या.

काठाला बारीक खडे आणि गाळ. छोट्या लाटा येऊन बुटांना लागत होत्या. सूर्य तिकोन्याच्या विरुद्ध बाजूला उतरला होता आणि किल्ला एकटाच उजळून निघाला होता. संदीपने एकदम फोन काढला आणि संगीताला व्हिडिओ कॉल लावला.

ती मशिनवर बसली होती. आम्हाला पाहून हसली, मागचं पाणी दाखवा म्हणाली. म्हणजे हाताने. त्यांच्या घरातली खुणांची भाषा आहे, शाळेतली नाही, त्यांनीच बनवलेली. मला अर्धी कळते. संदीपने मला फोन धरायला दिला आणि दोन्ही हातांनी सांगायला लागला. मूल. मुलगी. एवढीशी. आमच्या घरी, कदाचित. मग त्याने स्वतःच्या कानाला हात लावला आणि हात तसाच हवेत हलवत राहिला: माहीत नाही, माहीत नाही.

मग मी फोटो तिला पाठवला. संगीता तो बघत असताना आम्हाला फक्त तिचं कपाळ दिसत होतं. मला वाटलं, आता ती रडेल. किंवा संदीपला काहीतरी सुनावेल. तिने वर पाहिलं, पाची बोटं जुळवून तोंडाकडे नेली आणि भुवया उंचावल्या.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"विचारतेय, नीट जेवते का ती. दंड बारीक दिसतात म्हणते."

मग तिने गळ्यातली टेप ओढून ताणून धरली आणि हात वर-खाली केला. उंची किती? घेर किती? संदीप हातवारे करून सांगत होता, अगं अजून ठरलं नाही, अजून आम्ही काहीच कळवलेलं नाही. संगीता ते बघतच नव्हती. ती मशिनमागच्या कापडांच्या ढिगातून एकेक तुकडा काढून कॅमेऱ्यासमोर धरत होती. हा? की हा? निळा की पिवळा?

संदीप हसायला लागला. हसता हसता त्याने तोंड दुसरीकडे वळवलं. मग वळून माझ्या हातातला फोन घेतला, पिवळ्या तुकड्यावर बोट ठेवलं, आणि मला म्हणाला, "कर. आत्ता कर."

ते करणं सोपं नव्हतं! कॉल संपेपर्यंत रेंज गेली आणि फोनवर येणारा सांकेतिक क्रमांक पाण्याकाठी पोचेचना. आम्ही फोन डोक्यावर धरून चढावर पळालो. दोनदा क्रमांक आला, पण तोवर त्याची मुदत संपली होती. शेवटी तंबूवाले दादा चहाची किटली घेऊन आले.

"काय बुकिंग व्हईना का?"

"नाही हो दादा," मी धापा टाकत म्हणाले. "मुलगी आहे. दत्तक. होकार कळवायचाय."

 किटली जमिनीवर ठेवून त्यांनी स्वतःचा फोन काढला. "माजं हॉटस्पॉट घ्या. हितं त्या दगडावर हुभं ऱ्हावा, हितं फुल्ल येतंय."

त्या दगडावर उभं राहून आम्ही होकार कळवला. स्क्रीनवर एक हिरवी खूण आली, बस्स. दादांनी चहा ओतला आणि पैसे घेतले नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी पवनानगरपर्यंत त्यांच्याच पिकअपमधून आलो, तिथून एसटीने कामशेत, आणि लोकलने तळेगाव. बेडसे लेणी बघायची राहिली, तिकोना राहिला. पायांना फोड आले होते. घरी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या देवापाशी जाऊन बसल्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाल्या, "खोली कुठली द्यायची तिला?"

हे लिहायला मला उशीर झाला, कारण मधल्या काळात बरंच काही झालं. आम्ही संस्थेत जाऊन गौरीला भेटलो. कानांची तपासणी झाली. उजव्या कानाने तिला जवळजवळ ऐकू येत नाही, डाव्याने थोडं येतं. आता दोन्हींना यंत्रं आहेत, त्यातलं एक ती दिवसातून दहा वेळा काढून ठेवते. बोलण्याचे वर्ग सुरू आहेत. 'आई'सारखं काहीतरी तिच्या तोंडून अजून यायचंय. काही दिवस फार जड जातात, ते नाही म्हणणार नाही.

लोणावळ्याला पायी जा असं मी सगळ्यांना सांगते. गर्दी टाळा, बूट जुने घाला, माणसांशी बोला. आम्ही तिथे काही नवं पाहिलं असं नाही. पण गाडीत बसून संदीप आंब्याखाली जे बोलला ते बोलला असता का, मला शंका आहे. चालताना माणूस गप्प राहू शकतो आणि पुरेसा गप्प राहिला की बोलतो.

घरी संदीप गौरीला हाक मारत नाही. तो जमिनीवर तळवा आपटतो. फरशी थरथरते, तिच्या पावलांना कळतं आणि ती वळून बघते. संगीताला बोलवायची त्यांच्या घरातली ही रीत, मला माहीतच नव्हती. परवा मी ओट्याशी भाजी चिरत होते. कुकर लावलेला, खिडकी उघडी, बाहेर रिक्षांचा आवाज. अचानक माझ्या पायांच्या तळव्यांखाली काहीतरी धपधपलं. मी वळून पाहिलं. गौरी स्वयंपाकघराच्या दारात बसली होती, दोन्ही हातांनी फरशी बडवत, माझ्याकडे बघत.

ती मला हाक मारत होती.